मदत हवी आहे: फ्लॅशवरच्या खटल्याआधी मागचे कुठले अंक वाचावेत?

मंडळी, जुन्या डीसी कॉमिक्सचे जाणकार इथे नक्की असतील म्हणून विचारतो. रद्दीवाल्याकडे 'द फ्लॅश' या सुपरहिरो मासिकाचे सुटे अंक मिळाले: ३२३, ३२४, ३२६ आणि मग थेट ३३६. काळ १९८३-८४, लेखक केरी बेट्स, चित्रं कारमाइन इन्फँटिनो. पिना गंजल्यात, कागद पिवळा पडलाय, पण पानं शाबूत आहेत.

३२४ मध्ये बॅरी ॲलन (म्हणजेच फ्लॅश) आणि फिओनाच्या लग्नाच्याच दिवशी खलनायक प्रोफेसर झूम तिला मारायला धावतो. फ्लॅश त्याच्या गळ्याला हाताचा विळखा घालतो आणि झूमची मान मोडते. नवरी ताटकळतेय, नवरदेवाचा पत्ता नाही, आणि सगळ्या शहराच्या लाडक्या हिरोवर मनुष्यवधाचा ठपका! सुपरहिरोला असं कोर्टात खेचलेलं मी तरी पहिल्यांदाच वाचतोय.

घोडं पेंड खातंय ते एका जागी. झूमने बॅरीची पहिली बायको आयरिस हिचा खून केला होता, एवढं कळलं. पण एवढी खुन्नस कशापायी? मागचं काय वाचू? मधले सगळे अंक विकत घेणं खिशाला झेपणारं नाही. आणि हो, निकाल कुणी फोडू नका, प्लीज.

प्रतिसाद:

मागचे तीनच वाचा. १६५ (नोव्हेंबर १९६६) हा बॅरी-आयरिसच्या लग्नाचा अंक. पंचविसाव्या शतकातला हा झूम बॅरीचं रूप घेऊन स्वतःच नवरदेव म्हणून उभा राहतो. भाऊसाहेबांचा तोतयाच म्हणा ना! तेव्हा गमतीत निभावलेलं प्रकरण २७५ मध्ये (जुलै १९७९) खुनापर्यंत जातं. मारेकरी कोण, ते २८३ मध्ये उलगडतं. आयरिसने झूमशी लग्नाला नकार दिला, हेच त्या खुनाचं मूळ. खुन्नस म्हणाल तर ती ही.

खटला ३५० पर्यंत (ऑक्टोबर १९८५) चालतो आणि मासिकही तिथेच बंद पडलं. मला विचाराल तर थोडा ताणलाच आहे. सुटे अंक शोधत बसू नका. खटल्याचे बहुतेक अंक डीसीने २०११ मध्ये 'शोकेस प्रेझेंट्स' या पुनर्मुद्रण मालिकेच्या एका जाडजूड खंडात काढलेत. फक्त तो कृष्णधवल आहे. फ्लॅश लाल, झूम पिवळा, बाकी पोशाख जवळपास तोच. रंग गेले की मारामारीत कोण कुठला ते निरखून बघावं लागतं. तेव्हा तुमचा रंगीत ३२४ कुणाला देऊ नका.