'द कँडिडेट'मधला उमेदवार डेमोक्रॅटच आहे की

हॉलिवूडच्या राजकीय सिनेमात रिपब्लिकन तेवढे खलनायक, असा आक्षेप या चर्चेत घेतला गेलाय. तो 'द अमेरिकन प्रेसिडेंट'ला (१९९५) लागू पडतो. तिथला रिपब्लिकन सिनेटर अगदीच एकसुरी रंगवलाय. हॉलिवूडचा कल डावीकडे, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाकडे आहे, हे मान्यच. पण १९७२ च्या 'द कँडिडेट'चं नाव इथे कुणीच काढलं नाही, याचं खरंच आश्चर्य वाटतं. प्रचारयंत्रणा ज्याला आतून पोखरते, तो उमेदवार डेमोक्रॅट आहे. गाडीत मागच्या सीटवर बसून तो स्वतःच्याच भाषणातली वाक्यं तोडूनमोडून बरळत सुटतो, तो प्रसंग जरूर बघा.

आणि या सिनेमाचे पटकथालेखक जेरेमी लार्नर १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या डेमोक्रॅट युजीन मॅकार्थींची भाषणं लिहायचे. म्हणजे घरातल्याच माणसाने घरचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. त्याच पटकथेला हॉलिवूडने ऑस्करही दिलं.