पंखा, बंगला आणि मिशनरी मंडळी

नगरी_वाडा:
काल एका धाग्यावर कोणीतरी पिंक टाकली: "गोरे मिशनरी इथे येऊन बंगल्यात राहिले. पंखा ओढायला गडी, रांधायला बटलर, ऊन वाढलं की महाबळेश्वर. याला सेवा म्हणायचं तर आम्ही जन्मभर सेवाच केली म्हणायची, फक्त सुट्टी काढून." वर ८३ लाइक. वाचून डोकं सणकलं म्हणून हा वेगळा धागा.

मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार.

१८१२ साली अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी निघाली. त्यात हॅरिएट नेवेल होती, वय अठरा. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिलं नाही. पुढच्या प्रवासात जहाजावर बाळ जन्मलं आणि गेलं, मॉरिशसला पोचून तीही गेली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिचा नवरा पुढे मुंबईत कॉलऱ्याने गेला. त्याच तुकडीतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचला. १८२६ मध्ये नाशिकला गेला तर तिथे कॉलऱ्याची साथ. जवळची औषधं वाटली, आणि परतीच्या वाटेवर त्यालाच कॉलरा झाला. एका देवळाच्या ओसरीत मेला. कसला बंगला आणि कसलं महाबळेश्वर?

आणि रोजचं काय? सकाळी शाळांची फेरी, पंतोजींनी पटावर खोटी पोरं चढवलीत का ते बघायचं. दुपारी पंडितासमोर बसून 'ळ' घोटायचा. संध्याकाळी बाजारात उभं राहून बोलायचं, पोरं खडे मारणार. थंडीत बैलगाडीवर तंबू लादून गावोगाव. पहिली दोन वर्षं नुसती भाषा आणि परीक्षा. आपल्यातले किती जण दुसऱ्या राज्यात दहा वर्षं काढून तिथली भाषा शिकतात? यांनी शिकली, वर मराठी-इंग्रजी कोश करून दिला. मिशनरी मोल्सवर्थ नसता तर आज आपण शब्द शोधायला कुठे गेलो असतो?

खडूस_पुणेरी:
८३ लाइकवाली पिंक माझीच. नाव घ्यायला लाजलात का?

तुम्ही सगळी उदाहरणं १८३०च्या आतली दिलीत. नंतरच्या शंभर वर्षांचं काय? ते बंगले अजून उभे आहेत, जाऊन बघा. दोन-दोन फुटी भिंती, चहूबाजूंनी व्हरांडा, मागे नोकरांच्या खोल्या. पंखेवाला रात्री दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ओढायचा, डुलकी लागली की आतून साहेब ओरडायचा. तो साहेब कलेक्टर असो की पाद्री, दोरी तीच.

आणि ते देवळाच्या ओसरीचं. परक्या धर्माच्या, आजारी माणसाला देवळात टेकायला जागा मिळाली ना? ती गावानेच दिली ना? त्या गावाबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

नगरी_वाडा:
ओसरीचा मुद्दा बरोबर आहे. सुचला नव्हता. बाकी सगळं तिरकस.

शब्दपिसाट:
तुमचं भांडण चालू द्या. मला एका वाक्याने झोप येणार नाही. मोल्सवर्थ मिशनरी नव्हता!! लष्करातला अधिकारी होता. धर्मनिष्ठ होता, पण त्याला कुठल्या मिशनने पाठवलं नव्हतं. त्याचा जोडीदार कँडी, तोही लष्करातलाच. दरवेळी कोणीतरी हे ठोकून देतं आणि दरवेळी मीच लिहितो.

आणि 'कोश करून दिला' म्हणजे काय? मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ची. त्याच्या दोन वर्षं आधी, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि मंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापून आला होता, मराठीचा मराठीत. मोल्सवर्थच्या हाताखालीही शब्द गोळा करायला ब्राह्मण पंडितच होते. त्यांची नावं कोणाला पाठ आहेत का?

सरळमार्गी:
पण मग केरी? तो तर अस्सल मिशनरी. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण त्यानेच लिहिलं.

शब्दपिसाट:
केरीने महाराष्ट्रात पाऊल ठेवलं नाही. बसला होता बंगालात, श्रीरामपूरला. मराठी शिकवायला होते वैजनाथ पंडित, नागपूरकडचे. म्हणून त्याच्या बायबलची मराठी इकडच्या लोकांना परकी वाटली आणि मुंबईच्या मिशनऱ्यांना भाषांतर पुन्हा हाती घ्यावं लागलं. १८१०चा कोश त्याने मोडीत छापला, हे मात्र मानलं. शिकवणारा गेला उडत, शिकणाऱ्याचा पुतळा.

खडूस_पुणेरी:
हेच म्हणतोय मी पहिल्यापासून. पंखा ओढणारा गेला, पंडित गेला, उरला साहेब.

शब्दपिसाट:
तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही महाबळेश्वरवर जळत होता.

नगरी_वाडा:
अहो, धागा मिशनऱ्यांच्या रोजच्या जगण्यावर आहे! कोशासाठी वेगळा काढा.

शब्दपिसाट:
कोश तुम्ही आणलात.

रूथची_नात:
दोन दिवस वाचतेय. एक म्हणतो साहेब थोर, दुसरा म्हणतो साहेब ऐषारामी, तिसरा म्हणतो पंडित थोर. सगळे पुरुष, सगळे शहाणे.

माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी मिशनची बाई. नऊवारी, पायात काही नाही, झोळीत गायनाचं पुस्तक आणि एका दांडीचा चष्मा, दुसऱ्या बाजूला दोरा. मडमबाई टांग्याने पुढच्या गावाला जायची, आजी वाटेतल्या वाड्या पायी करायची. कोणाच्या घरात बाळंतीण अडली की मडमबाईच्या आधी आजीला बोलावणं. कोणी घोंगडी टाकून बसवायचं, कोणी अंगणातूनच हाकलायचं. मिशनच्या एका जुन्या अहवालाची छायाप्रत माझ्याकडे आहे. त्यात आजीच्या त्या वर्षाच्या कामाला दीड ओळ, आणि नाव नाही. 'आमची एक बायबलबाई'. बस.

तरी मला त्या मडमबाईचा राग येत नाही, आणि खडूस यांच्या पिंकेचा येतो. कारण आजीला अक्षर मिळालं ते अशाच मडमांनी काढलेल्या शाळांमुळे. सिंथिया फरार १८२७ मध्ये आली, एकटी, लग्न न करता. आधी मुंबई, मग नगर, मेलीही नगरलाच, १८६२ मध्ये. तिच्या नगरच्या मुलींच्या शाळा बघून आल्यावर जोतीरावांनी पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईही तिच्याकडे शिकवायचं शिकल्या. तेव्हा पंखा होता की नव्हता, मला काय करायचंय?

खडूस_पुणेरी:
ताई, फरारबाईंबद्दल मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. त्या अपवाद.

रूथची_नात:
वा. सोयीचा नसलेला प्रत्येक माणूस अपवाद.

जागृत_नागरिक:
मूळ मुद्दा सगळे टाळत आहेत. शाळा, दवाखाने, कोश हे सगळं धर्मांतरासाठी होतं. बाकी चर्चा फोल.

रूथची_नात:
आलात? वाटच बघत होते. माझ्या पणजोबांनी धर्म बदलला तो कशासाठी, हे त्यांना विचारायची सोय नाही. पण त्याआधी गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, ते तुम्हाला विचारायची सोय आहे. सांगा.

जागृत_नागरिक:
विषय भरकटवू नका.

वसईचा_वारा:
मिशनरी म्हटलं की गोराच का डोळ्यासमोर येतो? आमच्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात गेला, जपानी शिकला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. परदेशी भाषा, परका मुलूख, सगळं आलं त्यात.
(कोणी उत्तर देणार नाही, माहीत आहे. कोशावर चालू द्या.)

मिरजेचा_पाहुणा:
आमच्या आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिशनच्या दवाखान्यात झालं. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उभा केला, तोच. आजोबा म्हणायचे, डॉक्टर आधी प्रार्थना करायचे, मग चाकू. आजोबांना वाटायचं आपली केस गंभीर आहे म्हणून देवाला बोलावलं. दिसायला लागलं एवढं खरं.

बटलरचा_पणतू:
पंख्याचं झालं, पंडिताचं झालं, बटलर राहिला. माझा पणजा नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बंगल्यात स्वयंपाकी होता. रॉकेलच्या डब्याची भट्टी करायचा: खाली निखारे, झाकणावर निखारे, आत पाव. दौऱ्यावर माळरानात तंबू पडला तरी सकाळी ताजा पाव. पगार तुटपुंजा. पाणी उकळून, गाळून, परत उकळायचं. त्यात चूक झाली आणि घरात कोणी आजारी पडलं की आधी त्याच्याकडे बघायचे.

त्याने आजोबांना सांगितलेली एक गोष्ट. मडमबाईची दोन मुलं कोडाईकॅनलला, मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत गेली. धाकटा सात वर्षांचा. पुढचे पाच-सहा दिवस ती टेबलावर चार ताटल्या मांडायची आणि जेवायच्या आधी दोन स्वतःच उचलून ठेवायची. पणजा बघायचा, बोलायचा नाही. सातव्या दिवशी त्याने दोनच ताटल्या बाहेर काढून ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. ती काही म्हणाली नाही.

खडूस_पुणेरी:
गोष्ट चांगली आहे. नाही म्हणत नाही. पण तुमच्या पणज्याची मुलं कुठे होती तेव्हा? त्यांची ताटली कोण मांडत होतं?

बटलरचा_पणतू:
आजोबा त्याच मिशनच्या बोर्डिंगात होते. बंगल्यापासून वीस मैल. पणजा वर्षातून दोनदा भेटायला जायचा, पायी.

खडूस_पुणेरी:
बरं.

नगरी_वाडा:
चला, खडूस एका शब्दात गप्प, हेही बघितलं.

खडूस_पुणेरी:
गप्प नाही. महाबळेश्वर मी सोडलेलं नाही. बटलरच्या पोराला भेटायला दोन दिवस, साहेबाला थंड हवेला दोन महिने. हिशोब तुम्हीच करा.

रूथची_नात:
हा हिशोब मात्र मला पटला. लिहिताना हात जड झाला, पण पटला.

शब्दपिसाट:
सगळं छान. पण वर मूळ लेखात 'मिशनरी मोल्सवर्थ' अजून तसंच आहे. चार दिवस झाले.

नगरी_वाडा:
इथे पहिला लेख दोन दिवसांनंतर बदलता येत नाही हो.

शब्दपिसाट:
मग खाली एक ओळ लिहा.

नगरी_वाडा:
मोल्सवर्थ मिशनरी नव्हता. झालं?

शब्दपिसाट:
कँडी?