मदत हवी आहे: बॉटल ग्रीन ब्लेझरखाली गडद पँट कोणती?

ब्लेझर लोकरी, बिनचमकीचा, बटणं सोनेरी. ऑफ-व्हाइट शर्ट आणि बेज चिनोवर (सुती पँटवर) तो छान खुलतो. अडतंय ते गडद पँटपाशी. काळ्यावर हिरवा मळकट वाटतो. नेव्ही निळी तितकीच गडद, त्यामुळे पिवळ्या दिव्याखाली दोन्ही रंग एक होतात आणि दोन वेगळ्या सुटांचे तुकडे चुकून एकत्र घातल्यासारखे दिसतात. मग मध्यम करडी फ्लॅनेल (मऊ, लवदार लोकरी कापडाची पँट) घ्यावी, की त्याहून एक छटा फिकी? कापड गुळगुळीत नकोच, लोकरीशेजारी ते चकाकतं. बूट-पट्टा गडद तपकिरी, बक्कल पितळी हे ठरलंय. पॉकेट स्क्वेअर (ब्लेझरच्या छातीवरच्या खिशातला रुमाल) मरून काठाचा पांढरा बरा की मोहरी रंगाचा? टायच्याच कापडाचा कृपया सुचवू नका. जाणकारांनी कारणासकट सांगावं.