हात उंचावून प्रार्थना करणारा पंतप्रधान, आणि बाहेरून बघणारे आपण

वाटसरू

एप्रिल २०१९. ऑस्ट्रेलियात निवडणूक महिन्यावर आलेली. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन ईस्टरच्या रविवारी आपल्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्मा अंगात संचारतो असं मानून मोठ्याने, हात उंचावून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) चर्चमध्ये गेले आणि पत्रकारांना कॅमेऱ्यांसकट आत येऊ दिलं. डोळे मिटलेले, हात वर उचललेला, असा त्यांचा फोटो देशभर फिरला. टवाळी झाली, आणि अशा माणसाच्या हाती देश कसा द्यायचा असा सूरही निघाला.

याच मॉरिसन यांच्याकडे २०१५ साली समाजसेवा खातं होतं. 'रोबोडेट' योजनेचा प्रस्ताव तेव्हाच मंत्रिमंडळापुढे गेला. सरकारी भत्ता घेणाऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढायची, ती सगळ्या पंधरवड्यांवर पसरवायची आणि संगणकानेच थकबाकी ठरवायची. ज्याला वर्षातले चारच महिने काम मिळालं, तो कागदावर बारा महिने कमावता दिसायचा. मग बेकारीत घेतलेला भत्ता परत करा, अशी नोटीस त्याच्या दारात. पुढे योजना बेकायदा ठरली. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने मॉरिसन यांनी मंत्रिमंडळाची दिशाभूल होऊ दिल्याचा ठपका ठेवला. त्यांना तो मान्य नाही.

राज्यकर्त्याची परीक्षा तिथे व्हायला हवी. त्याने प्रार्थना कशी केली यावरून त्याच्या कारभाराबद्दल काहीच कळत नाही. ही टवाळी आजची नाही. १९०६ मध्ये विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय प्रचारकाने लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर या पंथाचं मूळ मानल्या जाणाऱ्या सभा सुरू केल्या, तेव्हा तिथल्या मोठ्या वृत्तपत्राने त्यांची संभावना विचित्र बडबड म्हणून केली. सेमूरचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. वर्णभेद कायद्यानेच पाळला जात होता त्या देशात काळे-गोरे एका खोलीत गुडघे टेकत होते, यापेक्षा मोठी राजकीय घटना कुठली? बातमीचा भर मात्र आरडाओरड्यावर.

तिऱ्हाईत

असहमत, आणि ठामपणे. टवाळी वाईट, हे मान्य. पण उपासनेकडे बघायचंच नाही, हे पटत नाही.

जून २०१९. ट्रम्प यांची ऑर्लँडोतली प्रचारसभा. पेंटेकोस्टल पास्टर पॉला व्हाइट व्यासपीठावरून प्रार्थना करतात: ट्रम्प यांच्या कार्याविरुद्ध उभं राहिलेलं प्रत्येक सैतानी जाळं मोडून पडो. दुष्ट शक्तींशी युद्ध ही या पंथाच्या प्रार्थनेतली रोजची भाषा आहे. एखादा माणूस दारूच्या व्यसनाशी झगडत असेल तर त्याला या भाषेने बळ येत असेल, त्यावर माझा काही आक्षेप नाही. तीच भाषा प्रचारसभेत आली की समोरचा पक्ष सैतानाच्या गोटात जातो. सैतानाशी कुणी वाटाघाटी करत नाही आणि त्याच्याकडून झालेला पराभवही मान्य करत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मतमोजणी चालू असताना याच बाई देवदूतांना बोलावत होत्या. त्या व्हिडिओवर जग हसलं, मला मात्र काळजी वाटली.

आता तुमचे मॉरिसन. २०२१ मध्ये आपल्या पंथाच्या परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितलं की आपत्तीनंतरच्या निवारा केंद्रांत आपण लोकांना नुसती मिठी मारतोय असं लोकांना वाटायचं, प्रत्यक्षात आपण हात ठेवून प्रार्थना करत होतो. घर गमावून बसलेल्या बाईला पंतप्रधान जवळ घेतात. आपल्यावर धार्मिक विधी होतोय हे तिला सांगितलेलं नाही. ती मुस्लिम असेल, नास्तिक असेल. तिला विचारलं कुणी?

मृण्मयी

दोघांच्याही लिहिण्यात पंतप्रधान आणि टीव्हीवरचे पास्टर तेवढे दिसतात. मागच्या बाकांवरची माणसं कुठे आहेत?

ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत इव्हँजेलिकल (बायबलवर आणि श्रद्धेतून होणाऱ्या 'नव्या जन्मा'वर भर देणारे प्रोटेस्टंट) २६.९ टक्के भरले. त्यातले पुष्कळ पेंटेकोस्टल, आणि त्यात गरीब, कृष्णवर्णीय बायका फार. अशा चर्चच्या सभेत 'साक्ष' देण्याची वेळ असते. दिवसभर दुसऱ्याच्या घरात धुणीभांडी करणारी बाई उठते, माइक हातात घेते आणि सांगते: मुलगा टोळीत गेला होता, परत आला. लोक रडतात, मोठ्याने दाद देतात. आठवडाभर तिला कुणी नावाने हाक मारलेली नसते. बाहेरच्याला यात उन्माद दिसतो. मला त्यात आधी हे दिसतं की ती बोलतेय आणि बाकीचे ऐकताहेत.

मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्रुस्को यांनी कोलंबियात दाखवून दिलं की नवरा या पंथात आला की दारू, जुगार आणि बाहेरख्यालीपणावर जाणारा पैसा घरात राहतो. त्या बाईच्या दृष्टीने हेच राजकारण आहे.

केडगावचं उदाहरण तर आपल्या इतिहासातलं. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमधल्या मुली आणि विधवा एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, तेव्हा अनेकांना ते अशोभनीय वाटलं. पंडिता रमाबाईंनी त्यांची बाजू घेतली.

आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलासाठी आयुष्य वेचलेल्या, ब्राझीलमध्ये लुला यांच्या मंत्रिमंडळात मंत्री राहिलेल्या मरीना सिल्वा? त्याही असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल चर्चच्याच.

पानगळ

ब्राझीलचा विषय निघालाच आहे, तर पैसा आणि मतपेटीबद्दल कुणीच कसं बोलत नाही?

तिथले पेंटेकोस्टल कैक वर्षं राजकारणापासून चार हात लांब होते. श्रद्धावंताने त्या चिखलात उतरू नये, अशीच शिकवण होती. १९८६ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत चित्र पालटलं. भावाने भावाला मत द्यायचं, अशी घोषणा आली. हे कुणाच्या अंगात आत्मा संचारल्यामुळे घडलं नाही. उमेदवार चर्चने ठरवले आणि पाळकांनी मतं फिरवली. एदिर मासेदो यांनी १९७७ मध्ये युनिव्हर्सल चर्च हे पेंटेकोस्टल चर्च काढलं, १९८९ मध्ये रेकॉर्ड ही दूरचित्रवाहिनी विकत घेतली. त्यांचे भाचे मार्सेलो क्रिवेला रिओचे महापौर झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली.

मृण्मयी, तुमच्या त्या बाईच्या हातात माइक येतो हे खरंच. पण दशांशाची (कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची) पेटीही तिच्यापुढे येते आणि मत कुणाला द्यायचं तेही तिला तिथेच कळतं. त्याबद्दल तुमच्या प्रतिसादात अवाक्षर नाही.

मृण्मयी

पानगळ, तिला कळतं म्हणजे ती ऐकतेच, असं कशावरून? कामगार संघटनाही मत कुणाला द्यायचं ते सांगतात, आणि तिथल्या सभासदांना आपण आंधळे समजत नाही. गरीब बाई धर्मात आली की मात्र तिला बुद्धी नसते, हे गृहीतक मला संतापजनक वाटतं. पेटीचा मुद्दा खरा आहे. समृद्धीचं आमिष दाखवून दशांश उकळणाऱ्यांची तरफदारी मी करणार नाही.

वाटसरू

तिऱ्हाईत, निवारा केंद्राचा तुमचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. पण तिथे तुम्ही न्याय कशाचा करताय? न सांगता केलेल्या कृतीचा, सत्तेतल्या माणसाने घेतलेल्या मोकळिकीचा. तेवढंच तर मी म्हणतोय.

टवाळीचा फायदा कुणाला होतो तेही बघा. ब्राझीलचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बोल्सोनारो कॅथलिक. २०१६ मध्ये त्यांनी जॉर्डन नदीत एका पेंटेकोस्टल पास्टरकडून बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. शिकलेले लोक आपल्याला हसतात हे ज्यांना वर्षानुवर्षं डाचत होतं, त्यांच्या शेजारी हा माणूस येऊन उभा राहिला. एवढ्यानेच त्याचं काम झालं.

तिऱ्हाईत

मग ग्वातेमालाचं काय? १९८२ मध्ये एफ्राईन रिओस माँट हे पेंटेकोस्टल लष्करशहा सत्तेवर आले. रविवारी टीव्हीवरून देशाला नीतीचे धडे द्यायचे, आणि त्यांच्याच कारकिर्दीत लष्कर इशिल माया या आदिवासी लोकांची गावं जाळत होतं. अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती नेत्यांनी त्यांना पाठिंबा दिला, कारण हा आपला, श्रद्धेतून 'नव्याने जन्मलेला' धर्मबंधू. २०१३ मध्ये वंशसंहाराबद्दल ते दोषी ठरले, आणि दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यांच्या भक्तीकडे काणाडोळा करा म्हणता, पण जगाला भुलवलं त्या भक्तीनेच.

मृण्मयी

त्यांच्या आधीचे लष्करशहा पेंटेकोस्टल नव्हते, तरी कत्तली झाल्याच. आणि झांबिया बघा. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष चिलुबांनी देश ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जाहीर केला. २००१ मध्ये त्यांना तिसरी कारकीर्द हवीशी वाटली, तेव्हा वकिलांची संघटना, कॅथलिक बिशप आणि प्रोटेस्टंट चर्चची परिषद यांच्याबरोबर इव्हँजेलिकल संघटनाही विरोधात उभी राहिली. चिलुबांना माघार घ्यावी लागली.

तिऱ्हाईत

त्याबद्दल त्यांना पूर्ण श्रेय. पण ख्रिस्ती राष्ट्राची ती घोषणा १९९६ मध्ये राज्यघटनेच्या प्रास्ताविकात गेली आणि आजही तिथेच आहे. चिलुबा गेले. तिथल्या मुसलमानाने आणि हिंदूने ती ओळ कशी वाचायची, हे मला इथे कुणीतरी सांगा.