नॅनो कणांचं सनस्क्रीन: जपायचं ते श्वासाला

'नॅनो कण कातडीतून थेट रक्तात उतरतात, म्हणून झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन नकोच' असं काहीजण म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. बहुतेक चाचण्यांत हे कण धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडकलेले दिसले आहेत. झिंक ऑक्साइड म्हणजे ऊन अडवणारी पांढरी पूड; तिचे कण १०० नॅनोमीटरहून (मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून) बारीक केले की चेहरा पांढराफटक दिसत नाही, म्हणून तर हे नॅनो कण वापरतात.

खरं जपायला हवं ते श्वासाला. युरोपात क्रीममध्ये नॅनो झिंक ऑक्साइडला २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण फुप्फुसात जाऊ शकेल अशा फवाऱ्यात नाही. माझी मुलगी पोहायला जाण्याआधी बंद बाथरूममध्ये तोंडावर स्प्रे मारायची. एकदा खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत तो फवारा कितीतरी वेळ तरंगताना दिसला, आणि मला धस्स झालं. तेव्हापासून घरात फक्त ट्यूब येते.