मदत हवी आहे: टिनाच्या छतावर कूलिंग पेंट मारू की एरोजेल लावू?

नमस्कार मंडळी, आमचं घर नागपुरात मानेवाड्याकडे, वरच्या खोलीला टिनाचं छत आहे आणि आई दुपारभर तिथंच शिलाई मशीनवर बसते, नवतप्यात (मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) तर कूलर पण गरमच हवा फेकतो, तर यंदा तिच्यासाठी काहीतरी पक्कं करायचं आहे.

वाचलं की 2021 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात बेरियम सल्फेटचा असा पांढरा रंग बनवला जो 98.1 टक्के ऊन परत फेकतो, साधा पांढरा पेंट 80-90 वरच थांबतो, अन् वरून हा रंग उष्णता इन्फ्रारेडमधून थेट आकाशाकडे सोडतो म्हणून भर उन्हात आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड राहतो. वीज लागतच नाही, मला हेच सगळ्यात भारी वाटलं. दुसरं एरोजेल, म्हणजे एकदम हलका घन पदार्थ, त्यात 90 टक्क्यांच्या वर नुसती हवा, उष्णता फार कमी आत येऊ देतं, पण महाग.

तर असा किंवा याच्या जवळपासचा कूल रूफ पेंट नागपुरात कोणी टिनावर मारलाय का? आपल्याकडची धूळ बसल्यावर किती फरक राहतो, पावसाळ्यानंतर पापुद्रे निघतात का? एरोजेलची शीट टिनाखाली लावली तर किती जाडीची घ्यावी? व्हीएनआयटीत (इथलं इंजिनिअरिंग कॉलेज) मटेरियल्सवालं कोणी ग्रुपमध्ये असेल तर प्लीज सांगा, एप्रिल लागायच्या आत काम उरकायचं आहे.