रायफलीची 'फिटिंग': कारागिरीचं मोल की पालकांची लूट?

बालेवाडीचा_बाबा

मुलगी चौदाची, दहा मीटर एअर रायफल खेळते. ओपन साइट सोडून गेल्या वर्षी पीप साइटला (बारीक भोकातून नेम धरायच्या प्रकाराला) गेली, म्हणून एक जुनी जर्मन रायफल घेतली. नवी घ्यायची तर अडीच-तीन लाखांच्या पुढे, ते झेपणारं नव्हतं. वाटलं, मोठा खर्च झाला, आता छर्रे आणि रेंजची फी.

मग 'फिटिंग' सुरू झालं. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) बदला, हँड रेझर (पुढच्या हाताखालचा ठोकळा) लावा, चीक पीस तिच्या गालाच्या मापाचा करून घ्या, मागच्या साइटला आयरिस (भोक लहान-मोठं करणारी चकती) घ्या, ट्रिगर ट्यून करा. सगळं मिळून बिल बासष्ट हजार. त्यात 'ट्रिगर ट्यूनिंग' ४,५०० रुपये. घरी येऊन रायफलीचं मॅन्युअल उघडलं, तर ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याची लांबी आणि ओढीचं वजन दोन स्क्रूंवर असतं आणि ते कसे फिरवायचे याचं चित्रच छापलेलं. कारागिराने काम माझ्यासमोर केलं होतं, वीस मिनिटं लागली असतील.

माझं म्हणणं सरळ आहे. पीप साइटच्या पहिल्या दोन वर्षांत मुलांना जॅकेट-बूट घ्यावेत, रायफलीवर काहीही करू नये. मुलगी दर सहा महिन्यांनी इंचभर वाढते, आज गालाला बसवलेलं लाकूड दिवाळीला बसणार नाही. आणि जे करायचं त्याचं बिल सुटं द्यावं: सामान किती, मजुरी किती. सध्या चाललंय ते मऊ लागलं की कोपराने खणण्यासारखं आहे. पालकाला काही कळत नाही हे समोरच्याला कळतं.

पूर्वाश्रमीची_नेमबाज

दादा, बिल सुटं हवं हे शंभर टक्के मान्य. 'दोन वर्षं काही करू नका' हे मात्र अजिबात नाही.

उभं राहून नेम धरताना मान रायफलीकडे न्यायची नसते, रायफल मानेकडे आणायची असते. चीक पीस खाली असेल तर मूल डोकं कलंडवून गाल टेकवतं, डोळा डायॉप्टरच्या, म्हणजे पीप साइटच्या, भोकाच्या मधोमध राहत नाही, आणि प्रत्येक गोळीला डोकं थोडं वेगळं बसतं. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे हो! त्यात या सवयी पहिल्या वर्षीच अंगात मुरतात. नंतर मोडायला दोन सीझन जातात, ते मी भोगलंय आणि शिकवताना रोज बघते.

पाठीचं वेगळंच. साइटसकट पाच किलोच्या आसपास वजन, कंबर मागे वाकवून, साठ गोळ्या. रायफल उंचीला बसत नसेल तर ती कसर कंबर भरून काढते. चौदाव्या वर्षी.

हां, लाकडाचा कोरीव चीक पीस वाढत्या मुलीला कुणी विकला असेल तर तो चुकलाच. वर-खाली सरकणारा घ्यायचा. तो वाढीबरोबर चालतो.

उद्यमनगरचा_लेथवाला

कोल्हापूरकर बोलतोय. शूटिंगमधलं मला कळत नाही, पण लोखंड-अल्युमिनियम कळतं. दुधाळी रेंजवरची पोरं अधूनमधून येतात म्हणून हा धागा वाचला.

हँड रेझर म्हणजे काय, तर अल्युमिनियमचा ठोकळा, वर रायफलीखालच्या रेलमध्ये सरकणारी खाच, खाली तळहाताला गोलाई. माल तीन-चारशेचा. पण एकच पीस करायचा म्हटलं की ड्रॉइंग मी काढायचं, प्रोग्रॅम मी लिहायचा, जॉब पकडायला फिक्स्चर मीच करायचं. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कापायला पाऊण तास, त्याआधी सेटिंगला अर्धा दिवस. मग काळं अ‍ॅनोडायझिंग (अल्युमिनियमवर टिकाऊ थर चढवणं): तिथं एक पीस न्या नाहीतर पन्नास, कमीत कमी चार्ज तोच. म्हणून एका पीसचे साडेचार-पाच हजार सांगितले की लोक तोंड वाकडं करतात. वीस जण गोळा करून आणा राव, बाराशेत देतो आणि मलाही परवडतं.

परदेशी पार्टात हेच आहे, वर नाव, वाहतूक, ड्यूटी, इथल्या डीलरचं मार्जिन. जगात हा पार्ट घेणारे किती? मोटारसायकलचा आरसा लाखांनी बनतो, हा शेकड्यांनी. लूट म्हणायच्या आधी एवढा हिशेब करावा.

नियमवाला

लेथवाल्या भाऊंकडे जाण्याआधी दोन मापं लिहून घ्या. बॅरलच्या मध्यरेषेपासून फोरएंडच्या (बॅरलखालच्या पुढच्या भागाच्या) सगळ्यात खालच्या टोकापर्यंत १२० मिमीच्या वर जायचं नाही, आणि त्यात रेझर धरलेला असतो. एअर रायफलचं एकूण वजन, साइट आणि हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) धरून, ५.५ किलोच्या आत. घरगुती रेझर लावलेल्या एका मुलाला मी स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साधनांच्या तपासणीला) चार मिलिमीटरने अडकलेलं पाहिलंय. बाप कानसने ठोकळा घासत होता, पोरगं रडत होतं. महागडा पार्ट घेतला तरी हे माप आपोआप पाळलं जात नाही, पण निदान त्याच्या डब्यात कागद असतो.

दुसरं, कायद्याचं. .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, म्हणून इथे रेझर-बट प्लेटची चर्चा मोकळेपणी करता येते. काडतुसाच्या .२२ रायफलीची गोष्ट निराळी. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदुकीची नुसती दुरुस्तीसुद्धा विनापरवाना धंदा म्हणून करता येत नाही. तिथे ट्रिगर किंवा बॅरल घेऊन उद्यमनगरात जाऊ नका, त्या बिचाऱ्याला आत घालाल.

राधानगरीकर

सगळे मिलिमीटरात अडकलेत. मूळ मुद्दा असा की हा खेळ पैसेवाल्यांचा होऊन बसलाय आणि ही 'फिटिंग'वाली मंडळी त्यात तेल ओततात. आमच्या तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा, तेव्हा रेल्वेत टीसी, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. नेम डोळ्यात आणि डोक्यात असतो. आयरिसमध्ये नाही.

पूर्वाश्रमीची_नेमबाज

काका, स्वप्नीलचा अभिमान आम्हालाही आहे, पण हे उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. तो क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. म्हणजे ज्या वयात घरच्यांना हे सगळं झेपलं नसतं, त्या वयात पाठीशी सरकारी योजना होती, पुढे रेल्वे होती. पॅरिसच्या फायनलमध्ये त्याच्या अंगावर मापाचं कडक जॅकेट होतं आणि रायफल इंचाइंचाने त्याच्या शरीराला जुळवलेली होती. साधनं लागत नाहीत असं नाही, साधनांचे पैसे दुसऱ्या कुणीतरी भरले. भांडायचंच तर यावर भांडा की प्रत्येक जिल्ह्याच्या रेंजवर मुलांसाठी सरकत्या स्टॉकच्या (दस्त्याच्या) चार रायफली का नाहीत.

राधानगरीकर

बरं, ते मान्य. पण तुम्ही सांगताय ती सोय शंभरातल्या दोघांना. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या बापांना दुकानदार म्हणतो, 'हे नाही घेतलं तर मुलगी मागे पडेल.' ही भीती विकणं झालं, मग ठोकळा कितीला का पडेना.

सील_आणि_सिअर

मी हेच काम करतो, एअर रायफल-पिस्तूल दुरुस्तीचं. म्हणजे या धाग्यावरचा खलनायक.

आधी ट्रिगरबद्दल. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही, त्यामुळे मुलं काही दहा ग्रॅमवर आणून ठेवतात. मॅन्युअलमधले दोन स्क्रू फिरवायला माझी गरज नाही, अगदी बरोबर. पण तिसरा एक स्क्रू असतो, सिअरची, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत गोळी अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकड ठरवणारा. बऱ्याच रायफलींत कंपनी त्यावर लाखेचा ठिपका देते. जुन्या रायफलीत आधीच्या मालकाने तो उकरलेला असतो. पकड कमी झाली की लोडिंगचा खटका बंद करतानाच गोळी सुटते. रेंजवर शेजारच्या लेनवर मूल उभं असतं, हे लक्षात घ्या. सेकंडहँड रायफल आली की मी ती पकड आधी तपासतो, तीसचाळीस वेळा रिकामी चालवून. बाबांच्या कारागिराने हे केलं का, मला माहीत नाही. केलं असेल तर बिलात लिहायला हवं होतं.

आता धंद्याचं. ओ-रिंग आणि सीलचे किट चार-पाच कंपन्यांच्या मॉडेलप्रमाणे आणून ठेवावे लागतात, निम्मे वर्षभर डब्यात पडून राहतात. लोक उगवतात ते स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, 'सर, हवा गळतेय'. हातपंपाने भरलेल्या हवेतलं पाणी आत जाऊन गंज धरलेला असतो, तोही माझ्याच माथी. आणि अलीकडे नवीन: म्युनिकच्या भाच्याकडून पार्ट मागवायचा आणि म्हणायचं, 'नुसता बसवून द्या, पाच मिनिटांचं काम.' बसवल्यावर साइट झीरो होत नाही (नेम मधोमध बसत नाही) म्हणून तीन वेळा परत यायचं, ते फुकटात.

बाबा, एक विचारतो. बासष्ट हजार घालताना रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघितली का? बहुतेक सिलिंडरांची मुदत बनल्यापासून दहा वर्षांची असते. जुन्या रायफलीत खरा खड्डा तिथे असतो. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत लावता येत नाही, आणि दोनशे बार दाबाची वस्तू आहे ती, घरातही नको.

बालेवाडीचा_बाबा

आत्ता बघितलं. अजून चौदा महिने आहेत. हे ना विकणाऱ्याने सांगितलं, ना फिटिंग करणाऱ्याने. म्हणजे आयरिस गळ्यात मारली आणि सिलिंडरबद्दल चकार शब्द नाही. माझा राग याच गोष्टीचा आहे, तुमच्या मजुरीचा नव्हे.

ताई, चीक पीसबद्दल तुमचं पटलं. सुदैवाने आमचा सरकणारा आहे. पण आयरिस आणि आयातीचा रेझर पहिल्या वर्षी लागत नव्हते, यावर मी ठाम आहे. साडेचार हजारांचंही पटलेलं नाही. सिअर तपासला का, हे उद्या जाऊन विचारतो.

लेथवाले भाऊ, आमच्या बॅचमध्ये रेझर हवा असलेली अकरा मुलं निघाली. बाराशे नाही, पण कितीला पडेल?

उद्यमनगरचा_लेथवाला

अकराला सोळाशे धरा, अ‍ॅनोडायझिंगसकट. रायफली आणू नका. प्रत्येकाच्या रेलची रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजा, टेपने नको, आणि कंपनी-मॉडेल शेजारी लिहा. बॅरलच्या मध्यापासून फोरएंडच्या तळापर्यंत आत्ता किती आहे तेही पाठवा. १२० मधून ते वजा करून उरेल त्यापेक्षा दोन मिमी कमीच ठेवतो.

राधानगरीकर

बारावा माझ्या पुतण्याचा धरा. बाकी माझं मत होतं तेच आहे.